कंबरलँड ते जॉर्जटाउन: पोटोमॅकच्या काठाने चार दिवस सायकलवर

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मी आणि माझ्या वहिनी, आम्ही दोघींनी मेरीलँडमधल्या कंबरलँडपासून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत सायकल चालवली. अंतर १८४.५ मैल, म्हणजे २९७ किलोमीटर. दिवस लागले चार. मी ४८ वर्षांची, वहिनी ५३ च्या. कॉलेज सुटल्यावर माझी सायकलही सुटली होती, ती थेट दीड वर्षापूर्वी पुन्हा हातात आली. तयारी करताना मराठीत यावर लिहिलेलं काहीच सापडलं नाही, आणि मनातले प्रश्न अगदी साधे होते. रात्री कुठे झोपायचं, पाणी कुठे मिळतं, वाटेतल्या लांबलचक बोगद्यातून कसं जायचं? म्हणून हे सगळं तपशिलात लिहिते आहे.

आधी वाटेबद्दल थोडं. ही वाट चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठाची. पोटोमॅक नदी जागोजागी धबधब्यांनी, खडकांनी अडलेली, त्यामुळे तिच्यातून नावा चालवणं अवघड होतं. म्हणून ४ जुलै १८२८ रोजी तिच्या शेजारून कालवा खणायला सुरुवात झाली. त्याच दिवशी बाल्टिमोरहून रेल्वेचंही काम सुरू झालं. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोचली, कालवा पोचला १८५० मध्ये, आणि पुढे ओहायो नदीपर्यंत जायचं स्वप्न तिथेच थांबलं. तरी ७४ लॉक (पाण्याची पातळी बदलून नावा वर-खाली नेणारे, दारं असलेले हौद) चढत-उतरत कोळशाच्या नावा १९२४ पर्यंत चालल्या. त्या वर्षीच्या पुरांनी कालवा कायमचा बंद पाडला. नावा ओढायची खेचरं, आणि खेचरांना चालायला कालवा आणि नदी यांच्या मधोमध जी पट्टी ठेवली होती, तो टोपाथ. त्याच्यावरूनच आपण सायकल चालवतो. १९५० च्या दशकात इथे मोटाररस्ता करायचा घाट घातला होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये ही सगळी वाट पायी चालून त्याला विरोध केला. १९७१ मध्ये हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं.

मी मूळची सांगलीची. कृष्णेच्या काठाने शाळेत सायकलवरून जायचे. अण्णांनीच, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिकवली होती, मागून कॅरिअर धरून, घाटाजवळच्या मोकळ्या जागेत. अण्णा आता ७९ वर्षांचे आहेत. बेत सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नदीला पाणी किती फूट असतं गं त्या दिवसांत?" आमच्याकडे ऑगस्टमध्ये माणसं एकमेकांना "जेवलास का" विचारायच्या आधी हे विचारतात.

तयारी मार्चमध्ये सुरू केली. मी व्हर्जिनियात ॲशबर्नला राहते, घराजवळून डब्ल्यू अँड ओडी ही डांबरी ट्रेल जाते. दर शनिवारी १० मैल, मग १५, मग २५. जूनपर्यंत ३५ मैल जमायला लागले, पण दुसऱ्या दिवशी सायकलवर बसवत नसे. खरा सराव तोच होता, लागोपाठ दोन दिवस चालवायचा. ऑगस्टमध्ये शनिवारी ३५ आणि रविवारी ३५ असं केलं तेव्हा धीर आला. वहिनी न्यू जर्सीत एडिसनला असतात, त्या त्यांच्याकडे तसंच करत होत्या. रोज रात्री एकमेकींना आकडे कळवायचो. सायकलबद्दल एवढंच सांगते की महागडी लागत नाही. माझी साधी हायब्रिड आहे, जुनी घेतलेली, ३२० डॉलरला. टायर मात्र रुंद हवेत. निदान ३८ मिलिमीटर. घंटी हवीच, उद्यानाचा तसा नियमच आहे. वेगाची मर्यादा ताशी १५ मैल, पण आम्ही नऊच्या वर क्वचितच गेलो.

जायचं कसं, हा पहिला मोठा प्रश्न. गाडी एका टोकाला ठेवली की परत आणायची पंचाईत. आम्ही रेल्वेने कंबरलँडला जाऊन सायकलने परत यायचं ठरवलं. या दिशेने उतारही आपल्या बाजूने असतो. सगळ्या वाटेवर मिळून साधारण ६०५ फुटांचा उतार, म्हणजे जाणवेल असा नव्हे, पण चढ नाही हेच समाधान. वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनहून ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीची कॅपिटॉल लिमिटेड ही गाडी तेव्हा दुपारी चारनंतर सुटायची. (नोव्हेंबर २०२४ पासून त्याच मार्गावर फ्लोरिडियन नावाची गाडी धावते.) तिकीट काढताना सायकलची जागाही त्याच वेळी घ्यावी लागते. जागा मोजक्याच असतात आणि ऑक्टोबरचे गुरुवार-शुक्रवार लवकर भरतात. आम्ही १२ ऑगस्टला काढली. माणशी ३६ डॉलर आणि सायकलचे २०. तिकिटाची छापील प्रत ठेवली होती, फोन ऐन वेळी बंद पडला तर असावी म्हणून.

रजेचा अर्जही ऑगस्टमध्येच दिला. गुरुवारी अर्धा दिवस, शुक्रवार आणि सोमवार पूर्ण. मग राहण्याची सोय. टोपाथवर सायकलवाल्यांसाठी आणि चालणाऱ्यांसाठी दर काही मैलांवर तंबूच्या जागा आहेत, संपूर्ण फुकट. आरक्षण नाही, आधी येईल त्याची जागा, एका जागी एकच रात्र. लाकडी टेबल, चूल, फिरतं शौचालय आणि हातपंप असतो. पहिली रात्र तंबूत आणि पुढच्या दोन छपराखाली असं ठरवलं. वाटेवरच्या हार्पर्स फेरी गावातल्या एका लॉजवर जुलैमध्ये खोली घेतली होती. त्यांनी २८ सप्टेंबरला दोन ओळींची मेल करून ती रद्द केली. पैसे परत यायला अकरा दिवस लागले आणि दोनदा फोन करावा लागला. तोवर पानांचे रंग बघायला येणाऱ्यांनी गावातल्या बहुतेक खोल्या घेतल्या होत्या. माझे तर हातपायच गळाले. वहिनींनी दोन संध्याकाळी बसून बोलिव्हरमध्ये, म्हणजे टेकडीच्या वरच्या बाजूला, एका घरगुती ठिकाणी खोली मिळवली. १७० डॉलर. ऑक्टोबरात जाणार असाल तर खोली पक्की झाल्यावरही महिनाभर आधी एकदा फोन करून खात्री करा.

बुधवारी, १६ तारखेला कोजागिरी होती. वहिनी गाडीवर सायकल बांधून दुपारीच आमच्याकडे आल्या. रात्री गॅलरीत आटीव दूध प्यायलो आणि तिथेच सामानाची शेवटची यादी तपासली. दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर, पुढचा-मागचा दिवा, डोक्याला बांधायचा दिवा, तंबू, स्लीपिंग बॅग, माणशी तीन बाटल्या पाणी. खाण्याचं खातं वहिनींकडे होतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपापडीच्या वड्या आणि सांगलीहून आलेलं भडंग. शेवटी दुधाची पावडर आणि थोडा दुधाचा मसाला पुडीत बांधला. "उद्या-परवा पण चंद्र असणारच की," म्हणाल्या.

१७ तारखेला ॲशबर्नहून मेट्रोने निघालो. मेट्रोत सायकल चालते, फक्त सरकत्या जिन्यावर नेता येत नाही, लिफ्टच घ्यावी लागते, आणि डब्याच्या मधल्या दाराने चढायचं नसतं. लिफ्ट शोधण्यात वेळ जातो, तासभर हातचा ठेवा. युनियन स्टेशनवर सायकलला चिठ्ठी बांधून मिळते. बॅगा काढून ठेवायच्या आणि सायकल स्वतः उचलून डब्यातल्या माणसाच्या हातात द्यायची. आदल्या महिन्यात ती उचलायचा सराव केला होता, त्याचा उपयोग झाला. गाडी बराच वेळ पोटोमॅकच्या काठाने जाते. जी नदी आम्ही चार दिवसांत उतरून येणार होतो, ती तीन तासांत उलटी बघितली. मार्टिन्सबर्ग सोडल्यावर केशरी, मोठा चंद्र वर आला. वहिनींनी खिडकीतूनच हात जोडले.

कंबरलँडला साडेसातच्या सुमारास उतरलो. हॉटेल स्टेशनपासून चालत पाच मिनिटं, १४८ डॉलर.

शुक्रवारी, १८ तारखेला सकाळी थंडी चांगलीच होती. निघायला साडेनऊ झाले, त्याचं कारण गॅस. स्टोव्हचा गॅसचा डबा रेल्वेत न्यायला मनाई आहे, स्टोव्ह चालतो. त्यामुळे डबा कंबरलँडला विकत घ्यायचा आणि दुकान उघडेपर्यंत थांबायचं, हे वेळापत्रकात धरा. आम्ही धरलं नव्हतं.

टोपाथच्या तोंडाशी १८४.५ चा खुणेचा दगड आहे. त्याला हात लावला आणि निघालो. दर मैलाला खांब आहेत, आकडा कमी कमी होत जातो. पहिल्या दहा मैलांत गाव मागे पडलं. डाव्या हाताला कालवा, काही ठिकाणी पाण्याने भरलेला, काही ठिकाणी नुसता खड्डा आणि त्यात वाढलेली झाडं. उजव्या हाताला नदी. आपल्याकडे शरद म्हणजे निरभ्र आकाश आणि नितळ पाणी, पानगळ यायची ती शिशिरात. इथे दोन्ही एकाच वेळी भेटतात. सिकमोरची खोडं पांढरी शुभ्र, मेपल लाल, आणि खाली वाटेवर पिवळ्या पानांचा इतका जाड थर की चाकाखाली चुरचुर आवाज सोडून दुसरं काही ऐकू येत नव्हतं. त्या ऑक्टोबरात या भागात पाऊस जवळजवळ पडलाच नव्हता, त्यामुळे चिखल नाही, नुसती बारीक धूळ. जपायचं ते अक्रोडांपासून. काळ्या अक्रोडाची टेनिसच्या चेंडूएवढी हिरवी-काळी फळं पानांखाली दडलेली असतात आणि पुढचं चाक त्यांवरून सटकतं.

पुऱ्या खाल्ल्या ओल्डटाउनला, लॉकच्या दगडी काठावर बसून. तिथून पुढे हॅनकॉकपर्यंत फोनला रेंज जवळजवळ नाहीच. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या.

ज्या बोगद्याची मला सहा महिने धास्ती होती, तो १५५ व्या मैलाजवळ आहे. पाव पाव बोगदा. लांबी ३,११८ फूट. नदी इथे पाच-सहा मैल वळसे घेते, ते टाळायला डोंगरातून हा बोगदा काढला. १८३६ मध्ये काम सुरू झालं, संपलं १८५० मध्ये. आतून साठ लाखांच्या आसपास विटा लावल्या आहेत. आत दिवे नाहीत. वाट चारेक फूट रुंद, एका बाजूला विटांची भिंत, दुसऱ्या बाजूला लाकडी कठडा आणि त्याखाली काळं पाणी. सायकल हातात धरून चालायचं. दिवा लावून आम्ही आत शिरलो तेव्हा दुसरं टोक नाण्याएवढं दिसत होतं. वहिनी पुढे, मी मागे. वरून पाणी ठिबकत होतं, आणि पायाखालची वाट उंचसखल. मी बोलायचं बंद केलेलं बघून वहिनींनी रामरक्षा म्हणायला सुरुवात केली. तिचा नाद भिंतींवरून फिरून परत आमच्याकडे यायचा.

साधारण मध्यावर मी थांबले. आधाराला कठड्यावर हात ठेवला होता, आणि बोटांना काहीतरी लागलं. दिवा जवळ नेला. लाकडात खोल, गुळगुळीत खाचा पडल्या होत्या, एकीशेजारी एक, तिरक्या. खेचरांच्या दोरांनी पडलेल्या. पाऊणशे वर्षं नावा या अंधारातून ओढल्या गेल्या आणि दर वेळी ओला दोर कठड्यावर घासत गेला. आजोळी आमच्या विहिरीच्या काठावरच्या दगडाला पोहऱ्याच्या दोराने अशाच खाचा पडल्या होत्या, लहानपणी मी त्यांत करंगळी बसवून बघायचे. इथेही बसवून बघितली. त्यानंतर बोगद्याची भीती वाटली नाही. बाहेर पडायला एकूण वीस मिनिटं लागली.

पाव पाव हे मुळात फळाचं नाव, आणि त्याची झाडं बोगद्याच्या दोन्ही बाजूंना दाट आहेत. पानं मोठी, लोंबती, त्या दिवसांत लिंबासारखी पिवळी. फळांचा हंगाम सप्टेंबरचा, तरी एका झाडाखाली शेवटचं एक मऊ, काळवंडलेलं फळ मिळालं. फोडलं तर आत पिवळा गर आणि चपट्या काळ्या बिया. वहिनींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपलं रामफळ!" कुळ खरोखर तेच आहे, सीताफळ-रामफळाचं. चव केळ्याकडे झुकणारी.

रात्रीचा मुक्काम इंडिगो नेक, मैल १३९.२. पाच वाजता पोचलो. एक वयस्कर जोडपं आधीच होतं, त्यांनी सरकून जागा दिली. पंपाचं पाणी आयोडीन घातलेलं असतं, वास येतो, पण उकळल्यावर चालून जातं. नोव्हेंबरच्या मध्यापासून वसंतापर्यंत पंपांच्या मुठी काढून ठेवतात, आणि पाणी तपासणीत नापास झालं तर एरवीही. त्यामुळे दिसेल त्या चालू पंपावर बाटल्या भरून घ्यायच्या, पुढच्याच्या भरवशावर राहायचं नाही. अंधार पडल्यावर थोड्या वेळाने झाडांमागून चंद्र आला. स्टोव्हवर पावडरचं दूध उकळून मसाला घातला. शेजारच्या जोडप्यालाही दिलं. दुधाला रंग कशाने आला, हे त्या काकूंनी दोनदा विचारून लिहून घेतलं. रात्रभर नदीपलीकडून मालगाड्या जात होत्या. कानात घालायचे बोळे न्या.

शनिवारी सकाळी तंबूवर दव गोठून पांढरं झालं होतं. बोटं चालेनात, आवरायला दीड तास गेला. हातमोजे पूर्ण बोटांचे हवेत, आमच्याकडे अर्ध्या बोटांचे होते. या भागात टोपाथला समांतर वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल आहे, जुन्या रेल्वेमार्गावरची, पूर्ण डांबरी, २८ मैलांची. एका जुन्या बोगद्यात दुर्मिळ वटवाघळं राहतात म्हणून तेवढ्यापुरती ती बोगदा सोडून टोपाथवर येते. दुखऱ्या मनगटांना डांबर फार बरं वाटतं. हॅनकॉकला गरम सूप आणि बटाटे, माणशी १४ डॉलर. रेंज आल्याबरोबर घरच्यांचे अकरा निरोप एकदम वाजले.

विल्यम्सपोर्टला चार वाजता पोचलो. इथे कोनोकोचीग नावाच्या ओढ्यावरून कालव्याचा दगडी जलसेतू जातो. १९२० मध्ये एका नावेने त्याची बाजूची भिंत फोडली होती आणि कालव्यातलं पाणी नावेसकट खाली ओढ्यात गेलं होतं. भिंत पुन्हा बांधून २०१९ मध्ये त्यात पाणी सोडलं आहे. सर्व जलसेतूंवर सायकलवरून उतरून चालायचं, कठडा नसलेली बाजू बघितली की कारण कळतं. मोटेल ९६ डॉलर, कपडे धुवायचं मशीन होतं, आणखी काही नको होतं. रात्री आठला अण्णांना फोन केला, त्यांची पहाटेची साडेपाच. आदल्या दिवशी फोन आला नाही म्हणून ते जागेच होते. कुठपर्यंत आलात, मैलाचा आकडा सांग, म्हणाले. सांगितला. मागे कागदाचा आवाज आला. "वहीत मांडतोय," म्हणाले.

रविवार, २० ऑक्टोबर. या दिवशीचा बिग स्लॅकवॉटरचा तुकडा मला सगळ्या वाटेत सर्वात आवडला. इथे कडा थेट नदीत उतरतो, कालव्याला जागाच नव्हती, म्हणून नावा नदीतूनच न्यायचे. पुरांनी इथली वाट पार वाहून नेली होती आणि लोकांना मोटाररस्त्याने वळसा घालावा लागे. २०१२ मध्ये कड्याला लागून काँक्रीटची वाट बांधली. डोक्यावर चुनखडीचा कडा, चाकाच्या बरोबरीला संथ रुंद नदी, आणि तिच्यात पलीकडचा सगळा लाल-पिवळा डोंगर उलटा. एक निळसर करडा बगळा आम्ही दहा फुटांवर येईपर्यंत हलला नाही. वहिनी म्हणाल्या, "थांबूया गं इथे. कोण मागे लागलंय?" तासभर थांबलो.

पुढे मैल ८० च्या आसपास वहिनींचं मागचं चाक बसलं. लांब काटा होता, टायर भेदून गेलेला. मागचं चाक काढायचं म्हणजे चेन आणि गिअर आले, आणि आम्ही घरी सराव केला होता तो पुढच्याच चाकाचा. पन्नास मिनिटं लागली. नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूबही जाते. दुकानात पंचवीस डॉलर देऊन शिकण्यापेक्षा मागचं चाक घरी निदान तीनदा काढून-घालून बघा.

हार्पर्स फेरी नदीपलीकडे, वेस्ट व्हर्जिनियात. रेल्वेच्या पुलाला लागून पादचारी पूल आहे, पण टोपाथवरून त्यावर चढायला गोल लोखंडी जिना. सामानासकट सायकल चढत नाही. आधी बॅगा, मग सायकल, अशा चार फेऱ्या झाल्या. दोघी असाल तर एकीने खाली थांबायचं.

इथे शेनँडोआ पोटोमॅकला मिळते. संगम म्हटला की आम्हा सांगलीकरांचे पाय आपोआप वळतात. खालच्या गावात एका इमारतीच्या कोपऱ्यावर पुराच्या खुणांच्या पाट्या आहेत, वर्ष आणि फूट. खाली उभं राहून मान मागे टाकून वाचत गेले. सर्वात वर १९३६, साडेछत्तीस फूट. तिच्याखाली १८८९. मी बराच वेळ तिथून हलले नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, तेव्हा अण्णा चार दिवस मावशीकडे दुसऱ्या मजल्यावर होते आणि मी इथे फोन हातात धरून बसले होते. आमच्या घराच्या भिंतीवरही त्यांनी खिळ्याने रेघ ओढून ठेवली आहे, खाली २००५ ची, वर २०१९ ची. फोटो काढून पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: "आपल्यासारखंच मांडून ठेवलंय की."

सोमवारी ६०.७ मैल बाकी होते, सर्वात लांब दिवस. सातला दिवे लावून निघालो. सुरुवातीचे काही मैल अपालाचियन ट्रेल ही पायी चालायची लांब वाटही याच टोपाथवरून जाते, त्यामुळे मोठ्या पाठपिशव्यांची माणसं भेटतात. घंटी लांबूनच वाजवा. ब्रन्सविकला कॉफी, पॉइंट ऑफ रॉक्सला पाणी. मोनोकसीचा जलसेतू ४२ व्या मैलावर, सात कमानी, ५१६ फूट, फिकट गुलाबी दगडाचा. १८६२ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, दक्षिणेच्या सैन्याने तो उडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. आम्ही त्याच्यावर बसून शेवटचं भडंग संपवलं.

मैल ३० ते २० मला जड गेले, ते सांगायलाच हवं. देखावा तोच, ऊन वाढलेलं, बूड दुखत होतं, डाव्या हाताची दोन बोटं बधिर. चार दिवसांत पहिल्यांदाच, गाडी बोलवावी का, असा विचार आला. वहिनींनी नियम काढला. दर पाच मैलांना उतरायचं, पन्नास पावलं चालायचं, घोटभर पाणी, एक वडी, परत बसायचं. पाच मैल कुणालाही जमतात, म्हणाल्या. ग्रेट फॉल्सला दोनला पोचलो, मैल १४.३. धबधब्यापासून खाली लॉक एकामागून एक येतात आणि प्रत्येकाला छोटासा उतार. पाय आपोआप फिरायला लागले. शेवटच्या भागात बाबागाड्या, कुत्री, धावणारी माणसं, वेग धरता येत नाही. जॉर्जटाउनमधून नदीकडे उतरून थॉम्पसन बोट सेंटरच्या मागे शून्याचा खांब आहे. थोडा आडबाजूला, शोधावा लागतो. पाच वाजून चाळीस मिनिटांनी पोचलो. वहिनी खांबाला टेकून खालीच बसल्या आणि रडल्या. मीही.

माणशी खर्च असा: रेल्वे ५६, कंबरलँडचं हॉटेल ७४, मोटेल ४८, बोलिव्हर ८५, खाणंपिणं १०४, गॅस आणि ट्यूब १८. एकूण ३८५ डॉलर. तंबूच्या रात्रीचे शून्य.

परतीला फॉगी बॉटम मेट्रो स्टेशन शून्याच्या खांबापासून जवळ, आणि सिल्व्हर लाइन थेट ॲशबर्नला. संध्याकाळची गर्दी होती, दोन गाड्या सोडून तिसरीत चढलो. घरी पोचून साडेआठला अण्णांना फोन केला. त्यांनी वहीतले आकडे वाचून दाखवले: १८४.५, १३९.२, ९९.७, ६०.७. मग म्हणाले, "शून्य लिहितो," आणि लिहिलं. थोडा वेळ दोघंही काही बोललो नाही.

"चेन पुसलीस का?" त्यांनी विचारलं. "धूळ बसली असेल. पूस, आणि तेल घाल आजच. उद्यावर टाकू नकोस."

मी गॅरेजमध्ये गेले, सायकल उलटी केली आणि फडकं घेतलं.